वास्तव रेषेवरून न दिसणारा अडथळा : घातश्रेणी कुठवर अभिसारी असते आणि का?

एमएस्सीच्या पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. थोडक्यात असा : "१/(१ + क्ष^२) हे फलन सगळ्या वास्तव रेषेवर गुळगुळीत आहे, कुठेही तुटत नाही. मग त्याची घातश्रेणी १ − क्ष^२ + क्ष^४ − … ही क्ष = १ पाशी येऊन का थांबते? दुसरं, अभिसरण वर्तुळाच्या आत अभिसरण एकसमान असतं की नसतं? दोन पुस्तकं दोन वेगळ्या गोष्टी सांगतात असं वाटतं. आणि तिसरं, वर्तुळाच्या काठावर काय होतं ते काढायचा एखादा नियम आहे का?"

तिसऱ्याचं उत्तर आधीच देऊन टाकतो : नाही, सरसकट चालणारा नियम नाही. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मात्र एकाच जागी सापडतात. ती जागा म्हणजे गुणोत्तर श्रेणी, अकरावीतली आपली जीपी. हा विषय मी जवळजवळ तीस वर्षं शिकवतोय. घातश्रेणीच्या प्रकरणात जीपीशी तुलना करण्यापलीकडे फारसं काही नाही, असं माझं मत दरवर्षी पक्कं होत गेलंय. उरतो तो काठ, आणि तो खरोखरच वेगळा प्रांत आहे.

चिन्हांबद्दल एक खुलासा. टंकायला सोपं जावं म्हणून संमिश्र चलाला झ, वास्तव चलाला क्ष, पदाच्या क्रमांकाला न, न-व्या सहगुणकाला क(न) आणि काल्पनिक एककाला 'आय' लिहितो. घातासाठी ^ वापरतो. |झ| म्हणजे झचं केवल मूल्य, म्हणजेच शून्यापासूनचं अंतर.

आधी क्रमिका, कारण श्रेणीचं अभिसरण म्हणजे तिच्या आंशिक बेरजांच्या क्रमिकेचं अभिसरण. झ(न) ही क्रमिका झकडे जाते याचा अर्थ इतकाच की |झ(न) − झ| हे अंतर शून्याकडे जातं. मुंगी गुळाच्या खड्याकडे सरळ आली, की वळसे घेत आली, की दर पावलाला बाजू बदलत आली, याच्याशी देणंघेणं नाही. झ = क्ष + य आय असेल तर |क्ष| आणि |य| दोन्ही |झ| पेक्षा मोठे नसतात, आणि |झ| हे |क्ष| + |य| पेक्षा मोठं नसतं. या एका ओळीवरून कळतं की संमिश्र क्रमिका अभिसारी असते ती वास्तव भाग आणि काल्पनिक भाग दोन्ही आपापले अभिसारी असले तरच, आणि तसे असले की नक्कीच. कोशीचा निकष, बोल्झानो-वायरश्ट्रासचं प्रमेय, सगळं या वाटेने फुकटात मिळतं.

गमावतो तो क्रम. संमिश्र संख्यांमध्ये लहान-मोठं असं काही नसतं, त्यामुळे 'वाढती आणि सीमित म्हणून अभिसारी' हा युक्तिवाद इथे चालत नाही. सँडविच प्रमेयही केवल मूल्यांवरच लावायचं. 'आय < २ आय' असं लिहिलेला पेपर तपासायला आला की पुढचं वाचायच्या आधीच पेन थबकतं.

दुसरा खड्डा कोनांकाचा, म्हणजे झ धन वास्तव अक्षाशी जो कोन करतो त्याचा. झ(न) अभिसारी असेल तर केवल मूल्यंही अभिसारी असणारच, पण कोनांकाचं तसं नाही. −१ + (−१)^न आय/न ही क्रमिका घ्या. ती −१ कडे जाते याबद्दल वादच नाही. पण मुख्य कोनांक एकदा पायच्या जवळ, एकदा उणे पायच्या जवळ, असा शेवटपर्यंत उड्या मारत राहतो. संख्येत काही बिघडलेलं नाही. कोन मोजायला आपण ऋण अक्षावर जी शिवण मारली, तिच्यावर क्रमिका इकडून तिकडे होतेय. ही शिवण लक्षात ठेवा, पुढे पुन्हा भेटणार आहे.

आता सगळ्यात महत्त्वाची क्रमिका, झ^न. |झ| < १ असेल तर ती शून्याकडे जाते, |झ| > १ असेल तर अनंताकडे. |झ| = १ असताना? समजा ती अभिसारी आहे. मग लागोपाठच्या पदांतलं अंतर शून्याकडे जायला हवं. पण |झ^(न+१) − झ^न| = |झ|^न |झ − १| = |झ − १|, म्हणजे हे अंतर बदलतच नाही. तेव्हा झ = १ सोडून एकक वर्तुळावर ती कुठेही अभिसारी नाही. झ = आय घेतलं तर चार बिंदूंत फेऱ्या, आणि कोन पूर्ण फेरीच्या अपरिमेय पटीत असला तर ती हळूहळू सगळं वर्तुळ भरत जाते, एकही बिंदू तिच्या शेजारातून सुटत नाही. आत शांतता, बाहेर पळापळ आणि काठावर नुसतं फिरणं : घातश्रेणीचं सगळं चित्र या एका क्रमिकेत आलं.

श्रेणीकडे येऊ. क(०) + क(१)झ + क(२)झ^२ + … ही श्रेणी एखाद्या बिंदूवर, त्याला झ० म्हणू, अभिसारी आहे असं धरा. मग तिथली पदं शून्याकडे जातात, म्हणून ती सीमित आहेत : |क(न) झ०^न| हे कुठल्यातरी म पेक्षा मोठं होत नाही. आता शून्याच्या अधिक जवळचा कुठलाही झ घ्या. |क(न) झ^न| हे म × (|झ|/|झ०|)^न याच्या आत राहतं. कंसातली संख्या १ पेक्षा लहान, म्हणजे उजवीकडे जीपी, म्हणून डावीकडची श्रेणी केवल अभिसारी. हे आबेलचं सहायक प्रमेय. तीन ओळींचं आहे, पण अभिसरणाचा प्रदेश वर्तुळाकारच का, चौकोन किंवा फुलाच्या आकाराचा का नाही, याचं कारण याच तीन ओळींत आहे. एका बिंदूवर अभिसरण झालं की त्याच्या आतलं सगळं हमखास. एका बिंदूवर अपसरण झालं की त्याच्या बाहेरचं सगळं गेलं. मधे सीमारेषा राहते ती वर्तुळाचीच. त्या वर्तुळाची त्रिज्या त.

त काढायला विद्यार्थी लगेच रेशो टेस्टकडे धावतात. ती वाईट नाही. न!/न^न हे सहगुणक असतील तर ती चटकन त = ई = २.७१८… देते. पण लागोपाठच्या पदांचं गुणोत्तर कुठेतरी स्थिरावलं तरच ती बोलते. सम घातांना ३^न आणि विषम घातांना १ असे सहगुणक असले की ती गप्प. तिथे मूळ-सूत्र लागतं : |क(न)| चं न-वं मूळ काढा, त्याची ऊर्ध्व सीमा (लिमसुप) घ्या, आणि तिचा व्यस्त म्हणजे त. वरच्या उदाहरणात ऊर्ध्व सीमा ३, म्हणून त = १/३. हे सूत्र कोशीने १८२१ च्या पुस्तकात दिलं होतं. ते विस्मृतीत गेलं आणि १८८८ मध्ये आदामारने स्वतंत्रपणे पुन्हा मांडलं, म्हणून दोघांच्या नावाने चालतं.

सूत्र पाठ असूनही पाय घसरतो ती जागा ही : २^न झ^(न^२) या पदांच्या श्रेणीची त्रिज्या किती? बरेच जण १/२ लिहितात. पण २^न हा न-वा सहगुणक नाहीच, तो झच्या न^२ व्या घाताचा सहगुणक आहे. मूळ न^२ वं घ्यायचं. ते २^(१/न), म्हणजे सीमा १, म्हणून त = १. नेट किंवा सेटची तयारी करत असाल तर हे उदाहरण एकदा स्वतःच्या हाताने सोडवा.

आता तुमचा पहिला प्रश्न. सूत्र त्रिज्येचा आकडा देतं, पण ती तेवढीच का, हे सांगत नाही. कारण संमिश्र संख्यांच्या सपाटीवर आहे. १/(१ + झ^२) हे फलन झ = आय आणि झ = −आय इथे अनंताला जातं. शून्यापासून हे दोन्ही बिंदू १ अंतरावर आहेत. घातश्रेणीची बेरीज वर्तुळाच्या आत सगळीकडे सुरळीत (संमिश्र अर्थाने विकलनीय) फलन असते, त्यामुळे ते वर्तुळ या बिंदूंना गिळून पुढे जाऊ शकत नाही. आणि कोशीच्या संकलन-सूत्रावरून उलट बाजूही मिळते : फलन ज्या चकतीत विकलनीय आहे, तिथे सगळीकडे त्याची टेलर श्रेणी अभिसारी असतेच. म्हणून त्रिज्या म्हणजे केंद्रापासून सगळ्यात जवळच्या अडथळ्यापर्यंतचं अंतर, ना कमी ना जास्त. तुम्ही वास्तव रेषेवरून सरळ चालत होता आणि अडथळा बाजूला, रेषेपासून एक एकक वर उभा होता. तुम्हाला तो दिसला नाही, पण श्रेणीला दिसतो.

पडताळा घ्यायचा तर केंद्र बदला. हेच फलन १ भोवती उलगडा, त्रिज्या √२ येईल. ३ भोवती उलगडा, √१० येईल. वास्तव अ भोवती √(१ + अ^२). हे आकडे विकलजं काढून मिळवायला गेलात तर अर्धी वही जाईल. इथे पायथागोरस पुरतो. तसंच टॅन झची शून्याभोवतीची त्रिज्या पाय/२. झ/(ई^झ − १) ची २ पाय, कारण छेद शून्य होतो तो २ पाय आयच्या पूर्णांक पटींवर. शून्यावरही होतो, पण तिथे अंश त्याला सांभाळून घेतो, तो अडथळा मोजायचा नाही. वर्गात ही चूक हमखास होते आणि उत्तर 'त = ०' येतं.

अडथळा खरा की आपण आखलेला, हेही तपासायला हवं. लॉग झची मुख्य शाखा घ्या, ऋण अक्षावर शिवण असलेली. −१ + आय भोवती श्रेणी मांडली तर शिवण केंद्रापासून फक्त १ अंतरावर आहे आणि शून्य √२ अंतरावर. त्रिज्या किती? √२. शिवण ही नकाशावरची सरहद्द, आपण पेनने मारलेली. शून्य ही खरी दरी. श्रेणीला सरहद्द कळत नाही, ती ओलांडून पलीकडे जाते. फक्त शिवणीच्या खालच्या भागात तिची बेरीज मुख्य शाखेच्या किमतीशी जुळत नाही, २ पाय आयने वेगळी असते. कोनांकाच्या उड्या मघाशी पाहिल्या, ही तीच शिवण.

हे नुसतं पुस्तकी आहे असं वाटत असेल तर ग्रहगणिताकडे पाहा. केप्लरच्या समीकरणावरून ग्रह कोणत्या वेळी कक्षेत कुठे असेल ते काढायचं, तर ते सरळ सुटत नाही. म्हणून जुने खगोलगणिती उत्तर उत्केंद्रतेच्या (कक्षा वर्तुळापेक्षा किती लांबट, त्या आकड्याच्या) घातांच्या श्रेणीत मांडत. मंगळाची उत्केंद्रता ०.०९३, बुधाची ०.२०६, तिथे श्रेणी छान वागते. पण उत्केंद्रता सुमारे ०.६६२७ च्या पुढे गेली की कक्षेतल्या सगळ्या वेळांसाठी तिचा भरवसा उरत नाही. या आकड्याला लाप्लासची मर्यादा म्हणतात. हॅलेच्या धूमकेतूची उत्केंद्रता ०.९६७ आहे, तो या श्रेणीत बसत नाही. गंमत अशी की ०.६६२७ उत्केंद्रतेच्या लंबवर्तुळात भूमितीच्या दृष्टीने विशेष काहीच नाही. अडथळा ०.६६२७ आय इथे आहे, म्हणजे काल्पनिक उत्केंद्रतेवर! अशी कक्षा आकाशात असू शकत नाही, तरीही खऱ्या धूमकेतूचं गणित ती अडवते. जुलै १८३० च्या क्रांतीनंतर कोशी फ्रान्स सोडून गेला आणि १८३१ मध्ये त्याने तुरीनला खगोलयांत्रिकीवरचा निबंध मांडला. सुरळीत फलनाची घातश्रेणी कुठवर अभिसारी असते, हे त्या निबंधात येतं.

काठाकडे वळण्याआधी केरळात जाऊन येऊ. संगमग्रामच्या माधवाची (चौदावं शतक) श्रेणी तुम्हाला ठाऊक आहे : पाय/४ = १ − १/३ + १/५ − … . ही टॅन-व्यस्ताची श्रेणी क्ष = १ वर, म्हणजे नेमकी काठावर. अभिसारी आहे, पण किती रडतखडत! दहा पदांनंतर पायची किंमत ३.०४१८ येते, चूक जवळजवळ ०.१. न पदांनंतर पायमधली चूक साधारण १/न असते, म्हणजे सहा दशांश स्थळं हवी तर दहा लाखांच्या घरात पदं. तीच श्रेणी क्ष = १/√३ वर, वर्तुळाच्या चांगली आत वापरली तर प्रत्येक पदागणिक ३ ने भागाकार होतो. √१२ × (१ − १/(३×३) + १/(५×९) − …) या रूपात दहा पदांत चूक ०.०००००३ च्या आत येते आणि एकवीस पदांत अकरा दशांश स्थळं, ३.१४१५९२६५३५९. माधवाच्या परंपरेत या दोन्ही वाटा आहेत. काठावरच्या वाटेला त्यांनी शेवटच्या पदानंतर जोडायचा संस्कारही शोधला : पाय/४ च्या बेरजेत न पदांनंतर न/(४न^२ + १) चिन्ह बदलून मिळवा. दहा पदांनंतर हा संस्कार लावला की ३.०४१८ चं एकदम ३.१४१५९०२ होतं. आणि मला सगळ्यात भावते ती त्याच परंपरेतल्या एका श्लोकातली सूचना : भुजज्या (साइन) आणि कोटिज्या (कोसाइन) यांतली जी लहान असेल तीच गुणक धरा, नाहीतर कितीही वेळा क्रिया केली तरी फळं संपणार नाहीत. टॅन १ पेक्षा मोठा होऊ देऊ नका, हेच ते. संमिश्र संख्या अजून कुणाच्या स्वप्नातही नव्हत्या, पण श्रेणी कुठे थकते हे हिशेब करणाऱ्या हाताला कळलं होतं.

आता काठ. त्रिज्या १ असलेल्या तीन श्रेणी शेजारी ठेवा : झ^न, झ^न/न, झ^न/न^२. पहिली एकक वर्तुळावर कुठेच अभिसारी नाही, पदंच शून्याकडे जात नाहीत. तिसरी सगळीकडे अभिसारी आहे. मधली झ = १ वर अपसारी, कारण तिथे ती हरात्मक श्रेणी होते, आणि इतर सगळीकडे अभिसारी. शेवटच्या विधानाला डिरिक्लेची कसोटी लागते : झ = १ नसेल तर १ + झ + … + झ^(न−१) या बेरजेचं केवल मूल्य २/|१ − झ| च्या वर जात नाही, आणि १/न घटत घटत शून्याकडे जातं. एवढ्यावर काम होतं.

पण आता मोठा गैरसमज. 'श्रेणी जिथे अपसारी तिथे फलनाला अडथळा, जिथे अभिसारी तिथे फलन सुरळीत' असं मनात ठेवून पुष्कळ जण पदवी घेऊन बाहेर पडतात. हे दोन्ही बाजूंनी चूक आहे. १ − झ + झ^२ − … ही श्रेणी झ = १ वर अपसारी आहे, पण तिचं फलन १/(१ + झ) तिथे अगदी धडधाकट, किंमत १/२. उलट झ^न/न^२ ची श्रेणी झ = १ वर छान अभिसारी आहे, पण तिचं फलन तिथून पुढे सुरळीतपणे नेता येत नाही, कारण विकलजात लॉग(१ − झ) लपलेला आहे. काठावर कुठेतरी एक तरी खरा अडथळा असतोच, एवढंच प्रमेय सांगतं. कुठे, ते अभिसरणावरून ओळखता येत नाही. सहगुणक सगळे धन किंवा शून्य असतील तर अडथळा धन वास्तव अक्षावर, झ = त इथे असतो, हा प्रिंग्सहाइमचा निष्कर्ष तेवढा हाताशी ठेवा.

नियम नाही असं मी म्हणालो ते उगाच नाही. सहगुणक शून्याकडे जात असूनही एकक वर्तुळावर एकाही बिंदूवर अभिसारी नसलेली श्रेणी लुझिनने १९११ मध्ये रचली. पुढच्याच वर्षी शेरपिन्स्कीने एकाच बिंदूवर अभिसारी आणि बाकी सगळीकडे अपसारी अशी श्रेणी दाखवली. तेव्हा काठावर प्रत्येक श्रेणीची वेगळी चौकशी करावी लागते.

मग काठावर अभिसरण मिळालंच तर त्याचा उपयोग काय? आबेलचं १८२६ चं प्रमेय. श्रेणी झ = १ वर अभिसारी असेल, तर आतून त्रिज्येवरून १ कडे जाताना फलनाची किंमत त्या बेरजेकडेच जाते. १ − १/२ + १/३ − … = लॉग २ हे याच्याच जोरावर लिहायचं, आणि माधवाची पाय/४ सुद्धा. सपाटीवर मात्र कुठूनही वाकडंतिकडं १ कडे जाऊन चालत नाही. १ पाशी शिरोबिंदू असलेल्या कोनाच्या आतून जायला हवं, काठाला घासत नव्हे. उलटं प्रमेय खोटं आहे : १ − १ + १ − … साठी फलन १/२ कडे जातं, श्रेणी कुठेच जात नाही. न × क(न) शून्याकडे जात असेल तर उलटं चालतं असं टाउबरने १८९७ मध्ये सिद्ध केलं, आणि न × क(न) नुसतं सीमित असलं तरी पुरतं असं लिटलवुडने १९११ मध्ये. दुसरी पायरी ऐकायला जेवढी लहान वाटते तेवढीच सिद्ध करायला अवघड आहे.

राहिला एकसमान अभिसरणाचा प्रश्न, म्हणजे सगळ्या बिंदूंना एकच न पुरतो का याचा. तुमची दोन्ही पुस्तकं बरोबर आहेत. एक म्हणतं 'त पेक्षा लहान त्रिज्येच्या प्रत्येक बंद चकतीवर एकसमान', दुसरं म्हणतं 'संपूर्ण खुल्या चकतीवर एकसमान असेलच असं नाही'. आकड्यांत पाहू. १ + झ + झ^२ + … ची पहिली १०० पदं घेतली तर उरलेली शेपटी झ^१००/(१ − झ). |झ| ०.५ पर्यंत असेल तर शेपटी १० च्या उणे तिसाव्या घाताच्या आसपास, म्हणजे काहीच नाही. ०.९ पर्यंत असेल तर जास्तीत जास्त ०.०००२७. ०.९९ पर्यंत नेलंत तर झ = ०.९९ वर शेपटी ३६.६! शंभरच्या जागी कितीही पदं घ्या, १ च्या पुरेसं जवळ जाऊन शेपटी हवी तेवढी फुगवता येते. म्हणून सगळ्या खुल्या चकतीवर एकच न पुरत नाही. पण आधी ०.९९ वर कुंपण घालून मग न मागितला तर तो मिळतो. आधी कुंपण की आधी न, एवढाच या दोन वाक्यांतला फरक. झ^न/न^२ ची श्रेणी काठासकट सगळ्या चकतीवर एकसमान आहे, कारण १/न^२ तिला कुंपणाशिवायही सांभाळतं.

खुद्द कोशी इथे चुकला होता, हे सांगितलं की विद्यार्थ्यांना जरा बरं वाटतं. संतत फलनांच्या अभिसारी श्रेणीची बेरीज संततच असते, असं त्याने १८२१ मध्ये प्रमेय म्हणून लिहिलं. आबेलने १८२६ मध्ये साइन क्ष − (साइन २क्ष)/२ + (साइन ३क्ष)/३ − … ही श्रेणी पुढे केली. तिची बेरीज −पाय ते पाय दरम्यान क्ष/२ आहे आणि पायच्या विषम पटींवर ती उडी मारते. आता झचं केवल मूल्य १ आणि कोनांक क्ष धरा. ही श्रेणी म्हणजे झ − झ^२/२ + झ^३/३ − …, अर्थात लॉग(१ + झ) च्या श्रेणीचा, काल्पनिक भाग. उडी आहे ती झ = −१ इथे, जिथे लॉगला खरी दरी आहे. आबेल वास्तव रेषेवर साइनची श्रेणी मांडत होता, पण ती चालत होती घातश्रेणीच्या काठावरून.

आत मात्र, कुंपणाच्या अलीकडे, इतकं सुरक्षित आहे की वास्तव विश्लेषण शिकून आलेल्याला विश्वास बसत नाही. पदशः विकलन करा, त्रिज्या तीच राहते, कारण नचं न-वं मूळ १ कडे जातं. त्याहून पुढे वायरश्ट्रासचं प्रमेय : सुरळीत संमिश्र फलनांची क्रमिका प्रत्येक बंद चकतीवर एकसमान अभिसारी असेल तर सीमाही सुरळीत, आणि विकलजांची क्रमिका आपोआप सीमेच्या विकलजाकडे जाते. वास्तव रेषेवर हे साफ खोटं आहे. (साइन नक्ष)/√न ही क्रमिका सगळ्या रेषेवर एकसमानपणे शून्याकडे जाते, पण तिचं विकलज √न कोसाइन नक्ष कुठेच शांत होत नाही. मग प्रमेय कुठे गेलं, असं तुम्ही विचारालच. रेषेवर शंभरावं पद ०.१ च्या वर कधीच जात नाही. आता तीच रेषा सोडून फक्त ०.१ वर चढा, झ = आय/१० या बिंदूवर, आणि तेच शंभरावं पद मोजा : केवल मूल्य ११०१ च्या आसपास भरेल.